ढगांची आणेवारी

पाच वर्षांत मी एक हजार एकशे बारा उल्का लिहिल्या. नीट पाहिलेली एकही नाही. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून आधी कामाची रीत सांगते.

उल्कावर्षाव मोजायला दोन माणसं लागतात. एक निरीक्षक. तो आरामखुर्चीत उताणा पडतो आणि रात्रभर आभाळावरून नजर काढत नाही. दुसरा लेखनिक. तो शेजारी पाटावर बसतो, मांडीवर छापील तक्ता, मनगटावर घड्याळ, हातात लाल कागद गुंडाळलेला टॉर्च. निरीक्षकाने 'इलो!', म्हणजे 'आला!', अशी हाक दिली की लेखनिकाने आधी घड्याळ बघायचं, मग वेळ लिहायची, मग निरीक्षक सांगेल ते तेज लिहायचं आणि ती वर्षावातली की भटकी त्याची खूण करायची. लेखनिकाने वर बघायचं नाही. बघून उपयोगही नसतो, कारण हाक ऐकून मान उचलेपर्यंत वर काही उरलेलं नसतं. टॉर्चने डोळे दिपलेले असतात ते वेगळंच.

आमच्यात निरीक्षक होते भाई परुळेकर आणि लेखनिक मी, सुनीती. भाई महसूल खात्यातून सर्कल इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले आणि तारकर्लीला घरी येऊन बसले. बसले म्हणजे आभाळ बघत बसले. पुण्याच्या एका हौशी मंडळाशी त्यांचा पत्रव्यवहार होता. तिकडून तक्ते यायचे, इकडून भरून जायचे. मी मालवणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. भाईंनी पुण्याला लावलेले ट्रंक कॉल जोडता जोडता मला ह्या प्रकाराची गोडी लागली, आणि एका डिसेंबरात मी होऊन विचारलं, "भाई, मी येऊ?" ते म्हणाले, "अक्षर बरा आसा तुझा?" अक्षर बरं निघालं. तिथेच माझा घात झाला.

लग्न न झालेल्या बाईने रात्रभर वाळूत बसायचं म्हणजे गावाला विषय झाला असता. म्हणून लक्ष्मीकाकू, भाईंची बायको, सोबतीला चटई टाकून झोपायची. तिने झोपेतसुद्धा माझ्यापेक्षा जास्त उल्का पाहिल्या असतील.

एरवी एकटीने बघायला कोणी अडवलं होतं, असं कोणी विचारेल. कोणीच नाही. पण वर्षावाच्या चांगल्या रात्री वर्षातून तीन-चार. त्यातली ऑगस्टची आमच्याकडे पावसात वाहून जाते, ऑक्टोबरची परतीच्या ढगांत. उरते डिसेंबरची, आणि त्या रात्री मी तक्त्यात डोकं घालून. बाकीच्या रात्री मी एक्स्चेंजच्या बिनखिडकीच्या खोलीत कानाला हेडफोन लावून. दोनदा घरामागे उभी राहिले होते. डास तेवढे दिसले.

शिवाय मला नुसती उल्का नको होती. तक्त्यावर 'निरीक्षक' म्हणून एक ओळ असते, तिथे माझं नाव हवं होतं. ही हाव आहे असं कोणी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही.

पंच्याऐंशी साली भाईंनी शब्द दिला. मालवणचं एक्स्चेंज ऑटोमॅटिक होणार होतं आणि माझी ऑर्डर आली होती, एक जानेवारीपासून मुंबई. मुंबईत आभाळ असतं, पण दिव्यांच्या वरच्या अंगाला. भाई म्हणाले, "ह्या वर्सा तू खुर्चेत. मी लिवतंय." अमावास्या आदल्याच दिवशी होती. सगळं जग त्या वर्षी धूमकेतूच्या मागे लागलेलं, त्यामुळे आमच्या वाट्याला कोणी येणार नव्हतं. तेरा डिसेंबर, शुक्रवार. एकच रात्र, आणि ती माझी.

नऊ तारखेपासून मळभ.

डिसेंबरात आमच्याकडे आभाळ असं असतं की कावळासुद्धा त्यात डाग वाटावा. त्या वर्षी मात्र चार दिवस सकाळ-संध्याकाळ राखाडी पडदा. भाई रोज ढगांची आणेवारी काढायचे. तक्त्यात ढग दशांशात लिहायचे असतात, पण भाईंनी उभी हयात पिकं पाहून आण्यांत अंदाज केलेला, त्यांना दशांश जमत नसत. "आज चौदा आणे," ते म्हणायचे, आणि हिशोब करून दशांश मी लिहायची. पिकाला सोळा आणे म्हणजे आनंदीआनंद, आभाळाला सोळा आणे म्हणजे आमचं वाटोळं. गुरुवारी पुरे सोळा आणे होते.

शुक्रवारी सकाळी भाई मुस्तफा तांडेलला विचारून आले. मुस्तफाची होडी तारकर्लीच्या किनाऱ्याला लागायची, आणि वाऱ्याबद्दल त्याचं बोलणं फारसं चुकत नसे. तो म्हणाला, "हंयच रवा, भाई. वारो फिरतलो. नऊ-दहानंतर आभाळ फुटतला." भाईंनी मला एक्स्चेंजवर फोन करून हे सांगितलं. फार समाधानाने सांगितलं.

माझं समाधान झालं नाही. मुस्तफा त्याच्या जागी बरोबर, पण माझ्याकडे अख्ख्या जिल्ह्याच्या तारा होत्या आणि मी वाऱ्यावर विसंबून राहू? दुपारी एकच्या सुमारास गर्दी ओसरली तशी मी एकेक एक्स्चेंज घेतलं. देवगड म्हणालं मळभ. वेंगुर्ला म्हणालं भुरभुर चालू आहे. सावंतवाडीने आरोंद्याच्या पोस्टात विचारून सांगितलं, तिकडेही तेच. मग कणकवली. कणकवलीला मथुरा असायची. चार वर्षं रोज तिच्याशी बोलत होते, तोंड कधी पाहिलेलं नव्हतं.

"कणकवली, तुमच्याकडे कसं आहे?" मी विचारलं.

"साफ आहे."

"नक्की?"

"एकदम साफ. सकाळपासून काही त्रास नाही."

मी आभार मानून बोर्डातली पिन काढली. अंगावर मूठभर मांस चढलं.

आता इथे एक सांगायला हवं. लाइनवर आम्ही पुस्तकी मराठी बोलायचो. सुपरवायझर कधी मध्येच ऐकेल त्याचा नेम नसे, म्हणून 'तुमच्याकडे', 'आहे', 'नाही'. घरच्या बोलीत विचारलं असतं तर मी 'आभाळ कसा आसा गो?' असंच विचारलं असतं आणि पुढचं काहीच घडलं नसतं. आणि दुसरं असं की मालवण-कणकवली लाइनवर दोन दिवस खरखर होती. बुधवारी मी मथुराकडे तीनदा तक्रार केली होती. हे मला शुक्रवारी आठवलं नाही. डोक्यात आभाळ असलं की माणसाला दुसरं काही आठवत नाही.

भाईंना मी सांगितलं, कणकवलीला जायचं. ते म्हणाले, "मुस्तफान सांगितल्यान..." मी म्हटलं, मुस्तफाने पुढचं सांगितलं, मथुराने आत्ताचं सांगितलंय. ते म्हणाले, "रात तुझी. तू म्हणशीत तसा." आवाजात नाराजी होती. मी ती ऐकली आणि सोडून दिली.

लक्ष्मीकाकूने एवढ्या लांब यायला नकार दिला, तिकडे मथुरा आहेच म्हणाली. पाचच्या एस.टी.त भाईंनी आणि मी आरामखुर्ची चढवली. कंडक्टर बाबली खुर्चीकडे बघत राहिला. "भाईंनू, गाडयेत बाकडी आसत हां," तो म्हणाला. गाडीभर हशा पिकला. भाई हसले, मी नाही.

कणकवलीला उतरलो तेव्हा सात वाजून गेले होते. वर बघितलं, एक तारा नाही. मी म्हटलं, बाजाराच्या दिव्यांनी दिसत नसेल. भाईंनी कपाळावर हात धरून चारी दिशा बघितल्या. "सोळा आणे," ते म्हणाले. "ह्याच गाडीन परत जाऊया. ही फिरान मालवणाक जाता."

"मथुराने साफ म्हटलंय," मी म्हटलं. "थोड्या वेळाने जाईल हे."

बाबलीने घंटी दिली आणि गाडी परत गेली. माणसाला हट्ट करायला फार वेळ लागत नाही, दोन मिनिटं पुरतात.

मथुरा आठला ड्यूटीवरून सुटली. एक्स्चेंजच्या दारात आम्ही खुर्ची घेऊन उभे. ती चांगली ठेंगणी, गोल बाई निघाली. आवाजावरून मी तिला चार वर्षं उंच समजत होते, म्हणजे तिथेही माझा अंदाज चुकलेलाच. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सुनीती? एवढी बारीक गो तू! आणि ही खुर्ची कित्याक?"

मी सांगितलं. तिने वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"आभाळ? आभाळाचा माका काय म्हायत? सकाळपासून मी आत. मी लायनीचा सांगितलंय! तुझी खरखर गेली मां?"

गेली होती. भाईंनी तोंड फिरवलं, ते हसू दाबत होते की काय ते मला कळलं नाही आणि बघायचंही नव्हतं. मथुराला मात्र खरंच वाईट वाटलं. तिने आम्हाला घरी नेलं, भात-आमटी वाढली, घरमालकाकडून गच्चीची किल्ली आणली आणि वर सोबतीला येते म्हणाली. वर आली आणि दहा वाजता पाण्याच्या टाकीला टेकून झोपली. माझ्या नशिबात सोबतीला झोपणारी बाई लिहिलेलीच आहे.

मी खुर्चीत पडले. पाच वर्षं जिच्याशेजारी पाटावर बसले ती खुर्ची. कापड पाठीला थंड लागलं. भाई पाटावर बसले, चष्मा लावला, तक्त्यावर तारीख घातली, 'निरीक्षक' पुढे माझं पूर्ण नाव लिहिलं आणि ते मला वाचून दाखवलं. मग विचारलं, "ढग किती म्हणू?"

"तुम्ही सांगा."

"नाय. निरीक्षकान सांगूचा."

"सोळा आणे," मी म्हटलं.

दर पंधरा मिनिटांनी ढग लिहायचे असा नियम. सव्वादहा, सोळा आणे. साडेदहा, सोळा आणे. अकरा, सोळा आणे. ढगाकडेही तशीच सलग नजर ठेवायची असते, भोक कुठून पडेल सांगता येत नाही. मी पापणी लवू नये इतक्या निष्ठेने त्या करड्या गोधडीकडे बघत होते. भाईंना मी विचारलं, एवढी वर्षं कंटाळा नाही आला? ते म्हणाले, "येता. कंटाळोच जास्त. पण पिकाची पाहणीय तशीच. शेतकऱ्याक वाटता साहेबान बघल्यान म्हणान पीक इला."

साडेबारा, सोळा आणे. एक वाजला, पंधरा. एक तीसला डोक्यावरचा ढग फाटायला लागला. आधी एक तारा, मग त्याच्याशेजारी दुसरा. पुनर्वसूची जोडी, दोघीही, नेमक्या माथ्यावर. वर्षाव तिथूनच फुटतो. भोक मोठं होत गेलं.

"बारा आणे," मी म्हटलं. "दहा."

भाईंच्या पेन्सिलीचा आवाज आला. मग दोन-तीन मिनिटं काहीच नाही. मी त्या भोकाकडे बघत होते.

"इलो!" भाईंची हाक आली.

माझी नजर खाली मनगटावर गेली.

मी ती नेली नाही. ती गेली. पाच वर्षं ही हाक आली की ती जिथे जायची तिथे गेली. आणि मनगटावर मला घड्याळ दिसलं, टॉर्चशिवाय, लख्ख. बारीक काटासुद्धा. निळसर हिरवा उजेड होता आणि माझ्या बोटांची सावली घड्याळावरून हळूहळू सरकत होती, दिवा घेऊन कोणी डोक्यावरून चालत जावं तशी. मी ती वेळ वाचली. एक बेचाळीस, वीस सेकंद. मग उजेड गेला. मी वर बघितलं तेव्हा पुनर्वसूच्या दोघी होत्या तिथेच होत्या.

भाई पाटावर उभे राहिले होते. पेन्सिल खाली पडली होती. "बघितलंस?" ते म्हणाले. "जन्मात असो बघूक नाय! चंद्रापेक्षा..." मग त्यांनी माझा चेहरा बघितला असावा.

"तुमी वर कित्याक बघितलात?" मी ओरडले. "लिवणाऱ्यान वर बघूचा नाय, ह्यो तुमचोच नियम ना? आणि हाक कोणाची? माझी हाक ती! माझी!"

"तोंडातसून गेला गो," भाई म्हणाले.

मला त्या माणसाचा इतका राग कधीच आला नव्हता. त्याहून जास्त राग माझ्या मानेचा आला. पण मानेवर ओरडता येत नाही. मथुरा दचकून उठली आणि "काय झाला? चोर?" म्हणाली.

भाईंनी पेन्सिल शोधली. मग पाट उचलला आणि टाकीच्या भिंतीकडे तोंड करून बसले, पाठ आभाळाला. "तू बघ," ते म्हणाले. "अजून उघडा आसा."

भोक आणखी अकरा मिनिटं टिकलं. त्यात चार उल्का आल्या. बारीक होत्या, फुंकरीसारख्या, एखादी रेघ दिसली न दिसली तोच संपलेली. पहिलीला माझ्या तोंडातून हाकच फुटेना. दुसऱ्याच्या तोंडची हाक पाच वर्षं ऐकलेली, स्वतःच्या आवाजात ती चोरीची वाटत होती. "इलो," मी शेवटी म्हटलं, जरा उशिरानेच. भाईंनी भिंतीकडे बघत विचारलं, तेज? वर्षावातली? मी सांगत गेले, ते लिहीत गेले. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. चौथीनंतर ढग मिटला आणि पहाटेपर्यंत सोळा आणे.

उजाडता उजाडता मथुराने चहा केला. तक्ता पुरा करायचा राहिला होता, एकूण संख्येची चौकट रिकामी. भाईंनी बशीत चहा ओतला, प्यायला नाही.

"पाच घाल," ते म्हणाले.

"चार."

"तो तुझ्या रातीत इलो. तुझ्या आभाळात. पुण्याक काय कळतला? लिवणाऱ्यान बघलेलो धरणत नाय, म्हणजे माझ्या नावार तो जायत नाय. तुझ्या नावार घालूक नाय तर तो कोणाच्याच नावार नाय. एवढो मोठो तारो, फुकट."

भाईंनी एक आणा कधी इकडचा तिकडे केला नव्हता. तलाठ्यांशी, पुढाऱ्यांशी भांडण काढून बसलेला माणूस. तो मला खोटं लिहायला सांगत होता, आणि मी लगेच नाही म्हटलं नाही. हे मी प्रामाणिकपणे सांगते. मी तक्ता घडी करून पिशवीत टाकला आणि म्हटलं, बघू.

पावणेआठची मालवण गाडी. दारात तोच बाबली. रात्री मालवणला वस्ती करून पहाटेची पहिली गाडी घेऊन आला होता. खुर्चीला ह्या वेळी तो हसला नाही, त्याला दुसरंच सांगायचं होतं.

"भाईंनू, तुमी हंय कित्याक इलात? मालवणात दहा वाजल्यापासून आभाळ असा उघडा की काय सांगू! तारे तर सारके तुटत होते. आणि मगे तो मोठो! डेपोत उजेड पडलो. ड्रायवर गाडयेखालसून भायर इलो."

मुस्तफाने सांगितलेली वेळ आणि हे, दोन्ही एकदम कानात शिरलं. मी खिडकीशी जाऊन बसले.

गाडीत सगळीकडे तोच विषय. कोणी ओटीवरून पाहिला होता, कोणी बाहेर उठलं होतं तेव्हा. फोंड्याच्या एका माणसाने ढगातून नुसता उजेड पाहिला होता आणि तो वीज म्हणून भांडत होता. किती वाजता, ह्यावर तर जुंपलीच. कोणी म्हणे बारा, कोणी म्हणे तीन, एकजण कोंबड्याची साक्ष काढत होता.

"भाईंनू, तुमी तर त्याच्यासाठीच इललात," बाबली म्हणाला. "तुमी बघितलात मां?"

भाईंनी माझ्याकडे बघितलं. "सुनीतीन बघल्यान," ते मोठ्याने म्हणाले. "सगळ्यांच्या आधी तिनाच बघल्यान."

सगळी गाडी माझ्याकडे वळली. कौतुकाने. मला फक्त मान हलवायची होती.

"नाय," मी म्हटलं. "माका दिसाक नाय. मी घड्याळ बघी होतंय."

आधी कोणाला कळलं नाही. मग कळलं आणि गाडी हसली. आरामखुर्चीला हसली होती त्याच्या दुप्पट हसली. कोणीतरी म्हणालं, घड्याळ बघूक कणकवलीक जावक कित्याक होया? भाई मान खाली घालून बसले होते.

पुढच्या बाकावर शेवंती नावाची एक म्हातारी होती, बाबली तिला नावाने ओळखत होता. मांडीवर गाठोडं. ती तेवढी हसली नाही. वळून मला म्हणाली, "मगे वाजले कितके होते, बाय?"

"एक बेचाळीस," मी म्हटलं. "वर वीस सेकंद."

कोणी वाद घातला नाही. बाराचा माणूस गप्प झाला, तीनचा गप्प झाला, कोंबडेवालाही. बाबलीने कानावरची पेन्सिल काढली आणि वेळ तिकिटाच्या पाठी लिहून घेतली.

सगळ्या जिल्ह्याने तो पाहिला होता आणि तो कधी आला ते एकट्या मला ठाऊक होतं. मला इतकं वाईट वाटलं की कसाल येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडले, आणि लोकांनी ते पाहिलं तरी त्याचं मला काही वाटलं नाही. कसालला गाडी थांबली तेव्हा मी पिशवीतून तक्ता काढला, भाईंकडून पेन्सिल मागून घेतली आणि चौकटीत चार लिहिलं.